जाग येते, पण पाऊल उचलत नाही

बेळगावजवळच्या येळ्ळूरहून एका वाचकाने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"मी ४२ वर्षांचा असून उद्यमबागेतील एका मशीन शॉपमध्ये काम करतो. चार वर्षांपूर्वी साखर वाढेल या भीतीने चालायला लागलो आणि चालता चालता पळायला लागलो. गेल्या वर्षी २१ किलोमीटरची पहिली शर्यत पूर्ण केली. यंदा पाऊस कमी होताच दर रविवारी राजहंसगडाचा चढ पळायला सुरुवात केली. ऑक्टोबरमध्ये उजव्या नडगीत दुखू लागले. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही दिसले नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. दोन आठवडे थांबलो आणि बरे वाटताच एकदम १० किलोमीटर पळालो, तेव्हा दुखणे दुपटीने परत आले. नंतर काही दिवस गोळी घेऊन पळालो. आता डिसेंबर लागला आहे, पहाटे थंडी आणि अंधार असतो. गजर वाजण्यापूर्वीच मला जाग येते, तरी मी तसाच पडून राहतो. गटातील पोरे पुढे निघून गेली. एक मित्र म्हणतो, बेळगावच्या मातीत ऑलिंपिक धावपटू फडेप्पा चौगुले घडले आणि तू नडगी दुखते म्हणून अंथरुणात लोळतोस. वजन वाढू नये म्हणून रात्रीचे जेवण सोडले आहे. पत्नी म्हणते, आता पुरे करा. फेब्रुवारीतील २१ किलोमीटरसाठी नाव नोंदवून ठेवले आहे. हरवलेली जिद्द परत कशी आणावी?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात, पण मी त्यापाशी बराच वेळ थांबलो. गजर वाजण्यापूर्वीच मला जाग येते, असे तुम्ही लिहिले आहे. थंडीने ज्याला आळस येतो तो माणूस गजर बंद करून कूस बदलतो आणि पुन्हा झोपी जातो; तुम्ही मात्र गजराच्या आधी जागे होऊन अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहता. ज्याची जिद्द हरवली आहे तो असा जागा राहत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तुम्हाला पहिल्या दहा पावलांची भीती वाटते, कारण त्या पावलांतच नडगी बोलू लागते हे तुमच्या शरीराने ऑक्टोबरपासून पाठ केले आहे, आणि त्या भीतीला दुसरे नाव सापडत नाही म्हणून तुम्ही तिला थंडी म्हणता.

गेल्या वर्षीचा हिवाळा आठवून पाहा. २१ किलोमीटरची तयारी तुम्ही त्याच थंडीत, त्याच रस्त्यांवर केली होती. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा बहुधा १३ ते १५ अंशांच्या आसपास असतो, एखाद्या दिवशी आणखी खाली जातो. लांब पळण्यासाठी १० ते १५ अंशांची हवा चांगली मानली जाते, कारण शरीरात तयार होणारी उष्णता बाहेर टाकायला हृदयाला वेगळे कष्ट पडत नाहीत. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात जो पल्ला जड जातो तोच जानेवारीत हलका वाटतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. तेव्हा आपली थंडी पळणाऱ्याची वैरी आहे, हे मला मान्य नाही.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो, कारण या वाटेने मीही गेलो आहे. काही वर्षांपूर्वी माझी डावी टाच दुखावली होती. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळपायाचा पट्टा सुजला की दिवसभरातली सर्वांत जास्त कळ सकाळी पलंगावरून उतरून टाकलेल्या पहिल्या पावलाला येते. पलंग ते न्हाणीघर हे आठ पावलांचे अंतर मी भिंत धरून काटत असे आणि घरच्यांना सांगत असे की आज धुके फार आहे, आज जात नाही. पाच-सहा आठवडे हे असेच चालले. मग ज्या फिजिओथेरपिस्ट बाई माझ्यावर उपचार करत होत्या त्यांनी टाच दाबून पाहता पाहता विचारले, "काका, गेल्या वर्षी धुक्यात किती दिवस पळला होता?" मी मनातल्या मनात मोजू लागलो आणि मला उत्तर देता येईना, कारण गेल्या वर्षी धुके मोजावे असे मला एकदाही वाटले नव्हते. त्या दिवसापासून मी धुक्याचे नाव घेणे बंद केले आणि टाचेकडे पाहायला लागलो.

तुम्हीही आधी नडगीकडे पाहा. खुर्चीवर बसून उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या आणि नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्याने घोट्यापासून वर गुडघ्याच्या दिशेने हळूहळू दाबत जा. दुखरा भाग चार-पाच बोटे लांब, पट्ट्यासारखा पसरलेला असेल, पळायला सुरुवात करताना जास्त आणि अंग तापल्यावर कमी दुखत असेल, तर पळणारी मंडळी ज्याला शिन स्प्लिंट म्हणतात तो प्रकार असण्याची शक्यता अधिक आहे. पण एकाच जागी, एका बोटाने दाखवता येईल अशी कळ असेल, ती पळताना वाढत जात असेल, रात्री अंथरुणातही जाणवत असेल किंवा त्या एका पायावर हलकीशी उडी मारताच चमक येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेला आहे असे धरून चालावे आणि त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे परत जावे. उडी मारून पाहण्याचा आग्रह धरू नका. बाकीच्या खुणा पुरेशा आहेत.

तुमचा एक्स-रे साफ आला म्हणून निश्चिंत राहू नका, कारण असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही आणि काही वेळा नंतरही दिसत नाही. एमआरआयमध्ये तो लवकर कळतो. ही तपासणी खर्चाची आहे हे मी जाणतो. म्हणूनच डॉक्टरांना दुखणे कधी सुरू झाले, दोन आठवड्यांनी परत कसे आले आणि बोटाने नेमके कुठे दाखवता येते हे नीट सांगा, म्हणजे तिची गरज आहे की नाही ते त्यांना ठरवता येईल. गोळी घेऊन पळणे मात्र आजपासून बंद करा, ही माझी कळकळीची विनंती आहे. वेदनाशामक गोळीने हाड सांधत नाही, ती फक्त हाडाची हाक तुमच्यापर्यंत पोहोचू देत नाही; शिवाय लांब पळताना अंगातील पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण पडतो.

दोन आठवडे थांबूनही दुखणे परत का आले, हे समजले की तुमची निम्मी निराशा कमी होईल असे मला वाटते. हाड हे जिवंत असते आणि त्याच्यावर भार वाढला की ते स्वतःला नव्याने बांधून घेते. तुमच्या गावच्या शेतकऱ्यांना विचारा, पावसाने खचलेला बांध घालताना ते आधी काय करतात. आधी सैल झालेली माती आणि दगड काढून टाकावे लागतात, मग नवी भर पडते, आणि या दोहोंच्या मध्ये काही दिवस बांध आधीपेक्षाही कच्चा असतो. हाडाचेही तसेच आहे. जुना भाग पोखरून काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, पण तिथे नवे हाड भरून पक्के व्हायला तीन-चार महिने लागतात. तुम्ही दोन आठवड्यांनी पळालात तेव्हा दुखणे थांबले होते, बांध मात्र उघडा होता. यात तुमच्या इच्छाशक्तीचा काहीही दोष नाही. तुम्हाला बरे वाटले त्या दिवशी तुमचे हाड बरे झालेले नव्हते, इतकेच.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती पुढच्या दोन महिन्यांत तुमच्या उपयोगी पडेल. दम आणि हाड एका वेगाने परत येत नाहीत. पळणे थांबले की दोन-तीन आठवड्यांत दम कमी होतो, पण पुन्हा सुरू केले की तो लवकर येतो. परतल्यानंतर साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात छाती मोकळी वाटेल, पाय हलके वाटतील, गटातील पोरांच्या बरोबरीने पळावेसे वाटेल. तो आठवडा सर्वांत धोक्याचा असतो. आज तुम्ही मला जिद्द कशी वाढवावी असे विचारता. त्या आठवड्यात तुम्हाला ती आवरावी लागणार आहे.

आता हे का झाले याविषयी. राजहंसगडाचा चढ वाईट नाही, मला तो फार आवडतो, आणि वर पोहोचल्यावर चहूकडे पसरलेली भाताची शेते दिसतात तेव्हा सगळे कष्ट फिटतात. पण चढ आला की उतार येतोच, आणि उतारावर प्रत्येक पावलाचा आघात नडगीवर सपाटीपेक्षा जास्त असतो. पावसाळाभर कमी पळालेला पाय तुम्ही थेट दर रविवारी त्या उतारावर घातला. त्यात तुमचे काम उभ्याने करायचे आहे. आठ तास सिमेंटच्या जमिनीवर, कडक तळव्याचे आणि जड सेफ्टी शूज घालून मशीनपुढे उभे राहिल्यावर पोटरीचे स्नायू संध्याकाळी थकलेले असतात, आणि पळताना हाडावर येणारा भार वाटून घेण्याचे काम त्यांचेच असते. पळण्याच्या बुटांवर हजारो रुपये खर्च करणारे अनेक जण मी पाहिले आहेत, पण दिवसातील आठ तास ज्या बुटांत जातात त्यांचा विचार कोणी करत नाही. सेफ्टी शूज घातलेच पाहिजेत, त्याला पर्याय नाही. मात्र आत जाड, मऊ इनसोल घालता येईल, मशीनसमोर उभे राहण्याच्या जागी रबरी मॅट मागता येईल आणि जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटे बूट काढून पाय वर ठेवता येतील. पळण्याचे बूटही पाहा. चार वर्षे तेच असतील तर तळव्यातील फोम केव्हाच दबून गेला असेल.

भीतीवर उपाय म्हणून मी तुम्हाला धीर धरा असे सांगणार नाही, कारण पहाटे पाच वाजता असा उपदेश आठवत नाही. पहाटे निर्णय घ्यावाच लागू नये, अशी व्यवस्था करा. अंथरुणात पडल्या पडल्या आज जावे का, दुखेल का, दुखले तर काय, हे प्रश्न सुरू झाले की माणूस हरतोच. हे प्रश्न आदल्या संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात, जेवल्यावर सोडवायचे आणि उत्तर कागदावर लिहून दाराला लावायचे. माझ्या दारावर टाचेच्या दिवसांत एक चिठ्ठी होती. तिच्यावर लिहिले होते की काल दिवसभरात कळ थोडीच असेल तर आज बाहेर पडायचे, पळताना कळ वाढली तर त्याच जागी पळणे थांबवून चालत घरी यायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आधीपेक्षा जास्त दुखला तर दोन दिवस फक्त सायकल. टाचेच्या पट्ट्याच्या बाबतीत थोडी कळ चालते, म्हणून माझ्या चिठ्ठीत तेवढी सूट होती. तुमचे दुखणे हाडाचे आहे, त्यामुळे तुमच्या चिठ्ठीत सूट नको. कळ आली की थांबायचे. थांबणे आधीच ठरलेले असेल तर थांबताना हरल्यासारखे वाटत नाही, आणि काय झाले की काय करायचे हे ठाऊक असले की पहिल्या दहा पावलांची भीती पुष्कळ ओसरते.

डॉक्टरांनी तडा असल्याचे सांगितले तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणे पूर्ण बंद राहील आणि पुढचे वेळापत्रक त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ठरेल. तडा नसेल तर आधी रोज अर्धा तास भराभर चालायचे, आणि सलग आठवडाभर चालताना वा दुसऱ्या सकाळी काही दुखले नाही म्हणजे पळण्याला हात घालायचा. एक मिनिट हळू पळणे आणि चार मिनिटे चालणे असे सहा वेळा, तेही एक दिवसाआड. मग पळण्याचे मिनिट एकाचे दोन, दोनाचे तीन करत जायचे आणि तेवढेच चालणे कमी करायचे. पावले नेहमीपेक्षा थोडी आखूड ठेवून मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त टाकलीत तर नडगीवरचा भार कमी होतो. ही सवय सुरुवातीला विचित्र वाटते, पण महिनाभरात अंगवळणी पडते. जागा मातीची निवडा. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालची वाट यासाठी मला सर्वांत चांगली वाटते, आणि ते दूर पडत असेल तर गावातील शाळेचे मैदान आहे. अंतर मोजणारे घड्याळ या काळात घरी ठेवा आणि फक्त मिनिटे पाहा. राजहंसगड सगळ्यांत शेवटी, आणि तेव्हाही सुरुवातीला वर पळत जाऊन खाली चालत उतरायचे.

ज्या दिवशी पळणे नसेल त्या दिवशीही ठरलेल्या वेळी उठून बूट घाला आणि परसात जा. परसाच्या पायरीच्या कडेवर पावलांचा पुढचा भाग ठेवून टाचा हळूहळू वर उचलणे आणि तितक्याच हळू खाली नेणे, आधी गुडघे सरळ ठेवून आणि मग किंचित वाकवून, एवढा एकच व्यायाम पोटरीच्या दोन्ही स्नायूंसाठी पुरतो. दोन्ही पायांवर १५ वेळा तीनदा सहज जमू लागले की एका पायावर या. याने नडगी दुखली तर थांबा, बाकी काही लागत नाही. येळ्ळूरहून उद्यमबाग सायकलने जाण्याजोगी आहे. डॉक्टरांची हरकत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस कामावर सायकलने जा, म्हणजे दम टिकून राहील आणि हाडाला विश्रांती मिळेल. पहाटेची वेळ हातातून जाऊ देऊ नका, अंतर गेले तरी चालेल. चार वर्षांत तुम्ही खरे कमावले आहे ते हे उठणे.

आता अंधाराविषयी, कारण थंडी निर्दोष असली तरी अंधार निर्दोष नाही. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीच्या मध्यावर सात वाजून गेल्यावर. म्हणजे ज्या वेळी तुम्ही उन्हाळ्यात उजेडात परत येत होता त्या वेळी आता मिट्ट काळोख असतो, आणि आठच्या शिफ्टला पोहोचायचे असल्यामुळे तुम्हाला पुढे सरकताही येत नाही. त्यातच हा उसाचा हंगाम आहे. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी, कुठेही जा, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून रात्रभर ऊस कारखान्याकडे चाललेला असतो. एका डिसेंबरमध्ये खानापूर रस्त्याच्या कडेने पळत असताना समोरून ट्रॅक्टर येऊन गेला, मी त्याचे दिवे गेले म्हणून पुन्हा डांबरावर आलो आणि दुसऱ्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या कांड्या माझ्या खांद्याला घासून गेल्या. मागच्या ट्रॉलीला एकही दिवा नव्हता. कोटाच्या बाहीला चिकटलेले पाचट मी घरी येऊन काढले तेव्हा माझे हात थरथरत होते. पाठीमागून येणारी ट्रॉली तर दिसतही नाही, म्हणून नेहमी समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने पळावे, अंगावर चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि कपाळावर बॅटरी असावी, कानात काही घालू नये. रस्त्यावर सांडलेला ऊसही घोटा मुरगळायला पुरेसा असतो.

यापेक्षा सोपा मार्ग असा, की डिसेंबर आणि जानेवारीत पळण्याचे तीनपैकी दोन दिवस संध्याकाळी घ्या. जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासहानंतर मावळतो. शिफ्ट सुटल्यावर थेट मैदानावर गेलात तर अर्धा-पाऊण तास उजेड मिळतो, अंग दिवसभराच्या हालचालीने मोकळे झालेले असते आणि पहाटे शेकोट्यांचा व कचरा जाळल्याचा धूर जमिनीलगत साचलेला असतो तोही नसतो. पहाटे जाणार असाल त्या दिवशी घराबाहेर पडण्यापूर्वी दहा मिनिटे घरातच चालून, घोटे फिरवून, टाचा उचलून अंग गरम करा. जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे, कानटोपी आणि हातमोजे घाला आणि परतल्यावर घामाचे कपडे लगेच बदला.

तुमच्या मित्राने फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे नाव घेतले, त्याविषयी मला मनापासून काही सांगायचे आहे, कारण ते नाव आपल्या गावाचे भूषण आहे आणि ते टोमण्यासाठी वापरलेले मला रुचले नाही. बेळगावचे चौगुले १९२० मध्ये सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने गेलेल्या भारतीय पथकातून अँटवर्प ऑलिंपिकला गेले. तिथली मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या अंतरापेक्षाही लांब, आणि ती त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून १९वा क्रमांक मिळवला. हे सगळे खरे आहे आणि अभिमानाचे आहे. पण त्याच दिवशी, त्याच शर्यतीत, त्याच पथकातील सदाशिव दातार हेही धावत होते आणि त्यांना ती शर्यत पूर्ण करता आली नाही. निकालपत्रात दोघांचीही नावे आहेत. भारताकडून ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये सर्वप्रथम उतरलेल्या दोघांपैकी एक जण शेवटपर्यंत पोहोचला आणि एकाला थांबावे लागले; थांबले म्हणून दातार त्या यादीतून वगळले गेले नाहीत. तुमच्या मित्राला पुढच्या वेळी दोन्ही नावे सांगा. आणि २५ वर्षांची पोरे पुढे गेली याचे वाईट वाटू देऊ नका. त्यांची हाडे लवकर भरतात, त्यांना आठ तास मशीनपुढे उभे राहावे लागते की नाही हे मला ठाऊक नाही, पण तुम्हाला राहावे लागते.

रात्रीचे जेवण सोडणे ताबडतोब थांबवा. तुमच्या पत्रातील ही गोष्ट मला नडगीइतकीच काळजीची वाटते. हाड भरायला माल लागतो आणि तो अन्नातून येतो. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या, पहाटे व्यायाम करणाऱ्या माणसाने उपाशी झोपणे म्हणजे बांध घालायला गडी बोलावून त्यांना मातीच न देणे होय. मोठ्या माणसाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आपल्या खानापूर भागातील नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम मिळते, म्हणजे दोन भाकऱ्या आणि वाटीभर दही यांनी निम्मी वाट सरते. त्यात डाळ, उसळ, अंडी यांपैकी काही असावे. संक्रांत जवळ आहे, तीळ मनसोक्त खा. तुम्ही सूर्य उगवण्याआधी बाहेर पडता आणि दिवसभर शेडखाली असता, म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा रक्तातील ड जीवनसत्त्वाचीही तपासणी करून घ्या. साखरेची भीती असेल तर तीही तपासा, पण तिच्यावर उपवास हा उपाय स्वतःच ठरवू नका.

फेब्रुवारीच्या शर्यतीविषयी मी आडपडदा ठेवत नाही. तडा असो वा नसो, यंदाचे २१ किलोमीटर तुम्ही पळू नयेत. सात-आठ आठवड्यांत ती तयारी होत नाही, आणि नाव नोंदवले आहे म्हणून उतरलात तर पुढचा पावसाळाही अंथरुणात जाईल. मात्र त्या दिवशी घरी बसू नका. आयोजकांना पाणी वाटायला माणसे नेहमीच कमी पडतात. पंधराव्या किलोमीटरच्या आसपासची जागा मागून घ्या. त्या टप्प्यावर पळणाऱ्यांचे चेहरे कसे दिसतात हे तुम्ही आजवर पाहिलेले नाही, कारण त्या वेळी तुम्ही स्वतः त्यांच्यात होता.

राहिल्या वहिनी. त्या पुरे म्हणतात ते पळण्याला म्हणतात की लंगडत कामावर जाणाऱ्या, रात्री न जेवता झोपणाऱ्या आणि पहाटे काळोखात जागे राहणाऱ्या नवऱ्याच्या काळजीने म्हणतात, हे तुम्ही त्यांना विचारलेले दिसत नाही. दारावर लावायची चिठ्ठी त्यांच्यासमोर बसून लिहा, आणि जमल्यास त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. आठवडाभराचे भराभर चालणे आहे त्यात त्यांनाही येता येईल का, तेही विचारून पाहा. आमच्या घरी टाचेच्या त्या दोन महिन्यांत सुरू झालेले संध्याकाळचे चालणे अजून बंद पडलेले नाही.

संक्रांत झाल्यावर मला पुन्हा पत्र पाठवा. त्यात किती किलोमीटर झाले ते लिहू नका. डॉक्टर काय म्हणाले ते लिहा, आणि घराबाहेर पडल्यावर पहिल्या दहा पावलांत काय झाले ते लिहा.